तारलीचा पहिला घास

मैत्रिणींनो, माझी सुशीला बाळंतपणाला आली आहे. आठवा महिना, आणि अंगात रक्त नाही. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या दुधानं भागणार नाही, मासळी खाऊ घाला."

आमच्या घरात मासळी कधी शिजली नाही. तरी नवापूरच्या बाजारातून सुकी तारली मागवली आणि आज सकाळी गोठ्यात वेगळी चूल मांडून, नाकाला पदर लावून कालवण केलं.

सुशीलानं ताटली दूर सारली. "माय, पहिले तू खा. तुले पाप नही लागनं, तं मी बी खासू."

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. कालवण दोनदा गरम केलं, लेक भिंतीकडे तोंड करून पडली आहे.

देवाची समजूत मी नंतर काढीन. माळ उतरवून पहिला घास घेऊ ना, बायांनो?