हात न लावलेला फोटो

फोटोकाकांच्या स्टुडिओतून माणूस दहा वर्षांनी तरुण होऊन बाहेर पडायचा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, हनुवटीवरचा जुना व्रण, ऐन मुलाखतीच्या तोंडावर नाकावर उगवलेली पुटकुळी, सगळं काका संगणकावर बसून नाहीसं करायचे. वीस वर्षं हाच धंदा. गिऱ्हाइकाने सांगावंही लागायचं नाही, माउस दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. मात्र एक शिस्त पक्की होती. मूळ फोटो कधी पुसायचा नाही, वेगळा जपून ठेवायचा. गिऱ्हाइकाचा काय भरवसा! एका बाईंनी गालावरचा तीळ परत मागितला होता.

आणि अशा माणसाच्याच सोळा वर्षांच्या लेकीचा चेहरा मुरुमांनी भरून आला. आत्याने लिंबू सुचवलं, शेजारणीने टूथपेस्ट. लिंबाने आग झाली, टूथपेस्टने कातडी सोलली. रोगापेक्षा इलाज भयंकर! पोरगी केस गालांवर ओढून वर्गात मागे बसू लागली. वादविवाद स्पर्धेतलं नावही तिने काढून घेतलं. एरवी जी बडबडीने घर डोक्यावर घ्यायची, ती जेवताना मान वर करेना. काकांचा जीव तुटायचा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शेवटी ते तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई एक घाव दोन तुकडे करणाऱ्या.

"रात्री वाटाण्याएवढं मलम, सगळ्या चेहऱ्याला. नुसतं पुटकुळीवर टेकवायचं नाही. फोडायचं तर मुळीच नाही. सुरुवातीला वाढल्यासारखं वाटेल, तरी सोडायचं नाही. बारा आठवडे. आणि तुम्ही फोटोग्राफर ना? मग दर रविवारी एकाच उजेडात फोटो काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही."

काकांनी जमिनीवर पट्ट्या चिकटवून स्टुलाची आणि दिव्याची जागा पक्की केली. आठवड्यातून तेवढी दोन मिनिटं लेक केस मागे बांधायची. मग तो फोटो काका तिला मोबाइलवर पाठवायचे.

पण पाठवण्याआधी हात चालायचाच. इथलं थोडं, तिथलं थोडं. तिसऱ्या रविवारी तर चेहरा लालबुंद झाला होता, तेव्हा काकांनी निम्मं रान साफ केलं. पोरीचा धीर सुटू नये, एवढंच मनात. आणि धीर सुटलाही नाही. "वाटतं तेवढं वाईट नाहीये रे बाबा," असं म्हणत ती मलम लावत राहिली.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या मोबाइलवरचे फोटो पाहिले, मग चेहरा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे मलम हिला मानवत नाही. फोटोंपेक्षा चेहरा किती बिघडलाय! बंद करू या."

लेकीचे डोळे भरून आले. गप्प बसावं तर पोरीचं औषध बंद, बोलावं तर पोरीचा विश्वास जाणार. तिथे हा माणूस मला मोठा वाटतो. त्याने क्षणभरही हिशेब केला नाही.

"बाई, फोटो खोटे आहेत. मी पुसलेत."

"मूळ आहेत?"

"आहेत. मूळ आम्ही पुसत नाही."

पन्नाशीचे काका दोन गल्ल्या धावत गेले आणि पेन ड्राइव्ह घेऊन धापा टाकत आले. बाईंनी पडद्यावर पेन टेकवत मोजलं. पहिल्या रविवारी त्रेचाळीस, तिसऱ्या रविवारी अठ्ठावन्न, आज चेहऱ्यावर सव्वीस.

"मलम चांगलं लागू पडतंय. चालू ठेवा. औषधाची गरज तुम्हाला आहे," त्या काकांना म्हणाल्या.

घराच्या दारात थांबून लेक म्हणाली, "तुलासुद्धा मी तशी बघवत नव्हते का?"

"तुझं रडणं बघवत नव्हतं गं. चेहऱ्याचं मला कधीच काही वाटलं नाही. पण चुकलो मी."

तिने आठवडाभर अबोला धरला, पण मलम सोडलं नाही. रविवारी आपणहून स्टुडिओत येऊन स्टुलावर बसली. "काढ. आणि माझ्यासमोर छाप."

तेव्हापासून दर रविवारी एक फोटो भिंतीवर लागू लागला. बाराव्या फोटोत गालांवर फिकट डाग होते आणि चारच मुरुमं, त्यातलं एक हनुवटीच्या मधोमध, अगदी ताजं. लेक बराच वेळ त्या रांगेसमोर उभी राहिली. मग वादविवाद स्पर्धेचा अर्ज पुढे करत म्हणाली, "यावर हा बारावा लाव."

फोटो पडद्यावर आला. काकांची नजर हनुवटीवर गेली. हात शिवशिवले.

त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि खुर्ची थोडी सरकवली.

"तूच छाप," ते म्हणाले.