दुसरी बाटली

मध्य प्रदेशात आमचा पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आमच्या खात्यात बैठका फार वाढल्या. त्यातल्याच एका बैठकीतून फर्मान निघालं की नाक्यावरच्या पोलिसांची नशेची चाचणी करायची. मी महिला कॉन्स्टेबल आहे, अजूनही. नागपूरकडून येणाऱ्या गाड्या थांबवून लोकांच्या डिक्क्या हुंगणं हे माझं काम. आता आपल्यालाच कोणी हुंगणार म्हटल्यावर मला हसूच आलं.

ठाण्याचं नाव सांगत नाही. तिथल्या संडासाची कडी अजून तुटलेलीच आहे आणि साहेबही तेच आहेत.

एका हाताने दार धरून दुसऱ्या हाताने बाटली भरायची, हे प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. तेही जमवलं. ठाण्याची लिखापढी करणाऱ्या मुन्शीने बाटलीत चाचणीची पट्टी बुडवली. बाकी सगळ्या रेघा आल्या, अफूपुढची तेवढी आली नाही. रेघ नाही म्हणजे नशा आहे, असा त्या पट्टीचा उलटा कारभार. मी काही बोलायच्या आत मुन्शीने उरलेला नमुना मोरीत ओतून दिला.

टीआय साहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांनी, मी नशा केल्याचा कागद पुढे सरकवला. "कर सही. सस्पेंड तर होशीलच. दिवाळी कुठं केली वं?"

दिवाळी म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी निघताना मी अनारसे खाल्ले होते, पोटभर. माझ्या सासूबाई अनारशावर खसखस अशी थापतात की खालचा अनारसा शोधावा लागतो. आणि खसखस निघते अफूच्याच बोंडातून.

साहेबांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले. मुन्शीही हसला, कारण साहेब हसले होते. मला मात्र धडकी भरली. ही वर्दी मी मैदानावर धावून, ढोपरं फोडून मिळवली होती, आणि ती एका फराळापायी उतरणार होती. उद्या माझ्या सासरचं सगळं लोधीखेडा म्हणणार, सून अफू खाते.

भीतीच्या मागोमाग राग आला. नाक्यावर गांजा पकडला की आम्ही काय करतो? दोन नमुने काढतो, लाखेचं सील मारतो, दोन पंचांच्या सह्या घेतो. गांजाचा एवढा मान, आणि माझा नमुना मोरीत!

"साहेब, दुसरी बाटली भरते. माह्यासमोर सील करा अन् लॅबले पाठवा. तोवर सही नाही करत."

"तू पोलीस हायेस. आरोपी नाही."

"तेच तर म्हणून राहिली. आरोपीले भेटते ते मले काहून नाही?"

साहेबांना राग आला की ते कान खाजवतात. ते कान खाजवत बसले आणि मी बाहेर येऊन घरी फोन लावला. खोटं कशाला सांगू, बोलता बोलता रडले.

तासाभरात सासूबाई माझ्या नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आल्या, मांडीवर स्टीलचा डबा. सून अडकली याचं दुःख होतंच, पण त्यांच्या अनारशावर आळ आला होता आणि तो त्यांना सहन होईना.

"कोन म्हनते माह्या फराळानं नशा होते?" डबा साहेबांच्या टेबलावर आदळला. "खाऊन पाहा, साहेब."

साहेबांना गोडाचं वेड. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, मग आम्ही समोर उभे आहोत हे विसरून खातच राहिले. मुन्शीला एकही दिला नाही.

डब्याचा तळ दिसू लागला तशी मी एक रिकामी बाटली आणली आणि साहेबांपुढे ठेवली.

"हे काय?"

"आता थोड्या वेळानं तुमचीही करून पाहू, साहेब. पट्ट्या हायेत शिल्लक."

साहेबांचा घास तोंडातच राहिला. "माही काहून? अशी कशी कोनीबी करन? लेखी आदेश पाहिजे, डॉक्टर पाहिजे, सील पाहिजे, दोन पंच पाहिजे!"

साहेबांना सगळे हक्क तोंडपाठ होते.

"बस, साहेब," मी म्हटलं, "मलेबी तेवढंच पाहिजे."

सासूबाईंनी डब्याला झाकण लावलं. साहेब बराच वेळ कान खाजवत राहिले. मग त्यांनी मिशीवरची खसखस पुसली आणि मुन्शीला लाख आणायला पाठवलं.