कपाटाच्या दाराने फाटलेली पापणी

माझा स्वभाव मूळचाच संशयी, त्यात ठाण्याला नौपाड्यात डोळ्यांचा दवाखाना चालवून तो आणखी पक्का झालाय. लोक डॉक्टरकडे येतात तेच मुळी ताकाला जाऊन भांडं लपवत.

त्या सकाळी एक निवृत्त शिक्षिका डोळ्यावर रुमाल दाबून आल्या. "कपाटाचं दार लागलं," म्हणाल्या. रुमाल काढला तर खालची पापणी नाकाजवळ फाटून लोंबत होती, अश्रू वाहून नेणारी बारीक नळीही तुटलेली. दाराने चीर पडते, असं ओरबाडून निघत नाही. गालावर दात रुतल्यासारखं भोकही होतं. शिवाय बाई राहायला कळव्याला. तिकडे डॉक्टर काय कमी आहेत? खाडी ओलांडून माझ्याकडे कशाला आल्या? कुठेतरी पाणी मुरत होतं.

"कुत्रा चावलाय ना?"

"नाही हो, दारच."

मी टाके घालायला तयार नव्हतो. कुत्र्याचा दात असेल तर आधी जखम धुवायची, मग रेबीजचं सीरम जखमेतच टोचायचं, टाके त्यानंतर. चेहऱ्याची जखम मेंदूला जवळ, जिवावर बेततं. हे सगळं सांगूनही बाई भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिल्या. मला राग आला. जन्मभर पोरांची खोटी कारणं पकडलेली बाई मलाच कारणं देत होती.

"तुमच्या शेजाऱ्यांना सांगायला मी येणार नाहीये," मी म्हणालो.

तेव्हा कुठे त्या बोलल्या. जिन्याखालच्या एका कुत्र्याला त्या रोज दूधभात घालायच्या. त्यावरून सोसायटीत भांडणं, आणि रविवारच्या मीटिंगमध्ये त्याला हाकलायचा ठराव येणार होता. चावल्याचं कळलं तर संपलंच.

"पण तो चावरा नाहीये. चूक माझीच."

आता शेपटीवर पाय पडल्याची गोष्ट येणार, असं मला वाटलं. तीही मी खरी मानणार नव्हतो.

"कालपासून काही गिळत नव्हता. पाण्यालाही तोंड लावेना, नुसती लाळ. घशात हाड अडकलं असेल म्हणून जबडा उघडायला गेले."

या वेळी मला संशय आला नाही. मी घाबरलो. सिस्टरला सीरम आणायला पिटाळलं, स्वतः जखम धुवायला घेतली आणि धुता धुता विचारलं, "जिन्याखाली मुलं खेळतात का?"

बाईंनी माझा हात बाजूला केला, पर्समधून मोबाइल काढला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावला.

"मुलांना जिन्याखाली जाऊ देऊ नका," त्या म्हणाल्या. "तो मला चावलाय."