बरडावरचा शेंदूर

शेंदूर मी मंगरूळपीरच्या बाजारातून आणला. गावातल्या दुकानात तो मिळत नव्हता असं नाही. पण आमच्या घरचा माणूस शेंदूर घ्यायला आला म्हटल्यावर दुकानदाराने तासाभरात सगळ्या गावाला बातमी पोचवली असती. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देव नदीत सोडले, तेव्हापासून आमच्या उंबरठ्याच्या आत शेंदूर आलेला नव्हता. त्यातून मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, दगडाला देव मानू नका म्हणून उभ्या आयुष्यात घसा कोरडा केलेला. एसटीत ती पुडी मी जेवणाच्या रिकाम्या डब्यात घातली आणि डबा मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईने दोनदा डब्याकडे पाहिलं, तेव्हा मी जागा बदलली.

हे सगळं एका पाखरासाठी चाललं होतं.

आमचं दोन एकर बरड आहे. मुरमाड जमीन, नांगर टेकत नाही, म्हणून त्यात नुसतं गवत वाढतं. आजूबाजूला सगळा सोयाबीन आणि मधूनमधून तुरीची तासं. त्या पावसाळ्यात एका सकाळी गवतातून टर्र असा आवाज आला आणि काळ्या मानेचा, पांढऱ्या पंखांचा पक्षी माणसाच्या डोक्याइतका उंच उडून परत गवतात पडला. थोड्या वेळाने पुन्हा उडाला. डोक्यामागे बारीक तुरे होते. तणमोर! हा पक्षी आमच्या भागातून संपला असं मी वर्गात पोरांना सांगत आलो होतो.

दहा-बारा दिवसांनी मादी सापडली. सापडली म्हणजे पायाखाली येता येता राहिली. जमिनीवरच बसली होती, गवतात गवत होऊन. ती उठून गेली तेव्हा खाली तीन अंडी दिसली, मातकट हिरवी, त्यांवर तपकिरी डाग. तीन आठवडे निभावले की पिल्लं बाहेर पडतील आणि आईमागे चालायला लागतील, एवढं मला वाचून ठाऊक होतं. तीन आठवडे कोणाला कळू द्यायचं नाही, असं मी तिथंच उभ्या उभ्या ठरवलं.

मी माणसांवर विश्वास का ठेवत नाही, तेही सांगतो. लहानपणी मी तणमोराचा रस्सा खाल्ला आहे. माझ्याच काकाने फास लावून धरला होता आणि मी वाटी पुढे केली होती, दोनदा. त्यामुळे गवताकडे टक लावून बघणारा माणूस मनात काय शिजवत असतो, ते मला शिकवावं लागत नाही. वनखात्याला कळवावं असंही मनात आलं. पण जीप आली की जीपमागे गाव येणार, म्हणून गप्प बसलो.

मग धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला फास दिसला. मोटरसायकलच्या जुन्या क्लचवायरचा, झुडपाच्या बुडाशी बांधलेला, सशाच्या वाटेवर. ससा काय, तणमोर काय, पायी चालणारं जे येईल ते त्यात अडकणार. मी तो तोडून विहिरीत टाकला. दुसऱ्या दिवशी दुसरा होता.

आता संशयाला माणूस हवा होता, आणि तो लगेच मिळाला. गावाच्या बकऱ्या चारणारा एक म्हातारा रोज सकाळी एकटाच त्या बाजूने जायचा. एका सकाळी मी तुरीच्या आड बसून पाहिलं, तर तो धुऱ्यावर वाकला, काहीतरी चाचपलं आणि हात पिशवीत घातला. पुढे पारावर तो बसला असताना पिशवीचं तोंड उघडं होतं. आत भाकरीच्या फडक्याशेजारी तारेची गुंडाळी. माझी तर खात्रीच पटली.

"भाऊ, पिशवीत काय आहे?" मी विचारलं.

"भाकर हाय, गुरुजी," तो म्हणाला आणि पिशवीचं तोंड आवळलं. "तुमी काहून इचारून राह्यले?"

सहज म्हणून मी पुन्हा पिशवीकडे पाहिलं. तोही माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

त्याला सरळ दटावलं असतं तर पाखरू आहे हे त्याला कळलं असतं. म्हणून मला देव सुचला. आमच्याकडे शेतात शेंदूर लावलेला दगड असला की ट्रॅक्टरवालासुद्धा तेवढी जागा वळसा घालून सोडतो. तिथं कोणी विळा लावत नाही आणि लघवीलाही बसत नाही. एका पहाटे मी घरट्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, पायवाटेच्या तोंडाशी, एक उभट दगड रोवला आणि तेलात शेंदूर कालवून त्याला फासला. आजोबा आठवले. मनात म्हटलं, तीनच आठवडे, नंतर मीच उपटून टाकतो.

घरी आलो तर बायकोने आधी माझे हात पाहिले.

"काहो, नखात लाल काय हाय?"

"पान खाल्लं."

"तुमी कवापासून पान खाऊन राह्यले? अन् नखानं खाल्लं का?"

पंधरा-वीस दिवस पहाटे उठून कुठं जातो, याचा तिला आधीच संशय होता. मी तिलाही सांगितलं नाही.

चार दिवस सगळं छान चाललं. फास बंद झाले, त्या वाटेने कोणी येईनासं झालं. पाचव्या दिवशी दगडापाशी एक लिंबू दिसलं. सहाव्या दिवशी अगरबत्तीच्या काड्या. नेमका श्रावण लागला होता आणि श्रावणात आमचा गाव नव्या देवाला एकटं राहू देत नाही. शनिवारी पाहतो तर सात-आठ बायाबापडी नारळ घेऊन हजर, आणि देवासमोर बसायला जागा नको का, म्हणून दोघंजण विळ्याने गवत साफ करत होते. ज्या गवताला विळा लागू नये म्हणून देव आणला, ते गवत देवासाठीच कापलं जात होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण बोलणार काय? देव खोटा आहे म्हणावं, तर खोटा कोणी बसवला ते सांगावं लागलं असतं. धूळफेकीत मी काही कच्चा नव्हे, असं मला तोवर वाटत होतं. मी ओरडलो, "अरे, मागं सरका, इथं साप आहे! मोठा आहे! मी डोळ्यांनी पाहिला!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेजारच्या शेताची मालकीण, चांगली शहाणी बाई, हात जोडून म्हणाली, "पायलं का, जागा जागृत हाय. गुरुजीले दर्शन भेटलं. अन् हे देव मानत नाई, तरी भेटलं!"

नागपंचमी दोन दिवसांवर होती. दूध आलं, लाह्या आल्या. अर्धं बरड तुडवलं गेलं. खोबऱ्याच्या तुकड्यांमागे गावातली कुत्री आली आणि नैवेद्यावर कावळे. सगळे घरी गेले तरी कावळे मात्र बसून राहिले.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी घरट्यापाशी गेलो. मादी नव्हती. दोन अंडी फुटून वाळली होती, त्यांवर मुंग्या चढल्या होत्या. तिसरं सापडलंच नाही. मी तिथंच फतकल मारून बसलो आणि रडलो. वयाला शोभत नाही, पण रडलो.

मागे बकऱ्यांचा आवाज आला. म्हातारा येऊन माझ्या शेजारी उकिडवा बसला. त्याने टरफलं पाहिली, पण हे काय म्हणून विचारलं नाही.

"गेली?" एवढंच म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून. म्हनून त महिनाभर बकऱ्या इकडं आनल्या नाई. गवत एवढं गुडघ्याएवढं, अन् बकऱ्या मले शिव्या देऊन राह्यल्या." त्याने पिशवी उलटी केली. भाकरीचं फडकं पडलं आणि त्यावर तारांची नऊ-दहा वेटोळी. "हे इथूनच काढले. रोज सकायी."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगू? राग नका येऊ देऊ. तुमी रोज झुंजूमुंजू कोनाले न सांगता इथं येऊन राह्यले, तुरीत लपून राह्यले. मले वाटलं, फासे तुमचेच हायेत."

मला हसू आलं नाही. त्यालाही नाही. एका पाखराचे दोन राखणदार, आणि दोघंही महिनाभर एकमेकांवर डोळा ठेवून. फास खरोखर कोणाचे होते ते कळलं नाही. आजही कोणी क्लचवायर बदलून घेतली की मी जुनी तार कुठं जाते ते बघत राहतो.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले सांगतलं असतं, त मी त्या बायांले सांगतलं असतं. बायकाच बसल्या असत्या राखायले." तिचं खरं होतं, हे मला फार झोंबलं.

दगड उपटायचा राहूनच गेला. आता त्याला ओटा आहे, वर पत्रे आहेत, आणि बरड आमचं असल्याने श्रावणातला पहिला नारळ माझ्याच हातात आणून देतात. मी तो न फोडता पुढच्या माणसाला देतो. लोक म्हणतात, गुरुजींचा मान मोठा.

यंदाच्या पावसाळ्यात म्हातारा बांधावर भेटला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "टर्र आयकलं म्या."

"कुठं?"

"हाय एका जागी."

"कोणत्या बाजूला? आपल्या शिवारात? भाऊ, मी कोणाला सांगणार नाही."

"तेच त," तो म्हणाला. "तुमी कोनालेच सांगत नाई. मानूस तुमी चांगले हा, गुरुजी. पन तुमाले नाई सांगत."

आणि बकऱ्या हाकत तो निघाला, मुद्दाम लांबच्या वाटेने, वळून वळून मी मागे येतो का ते बघत. मी जागचा हललो नाही. बकऱ्यांचा आवाज विरेपर्यंत त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो, म्हणजे त्याला नीट दिसावं की मी बघत नाही.