एरकीचं राहिलेलं वाक्य

काल शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी लागली आणि ओल्या दगडाच्या भुकटीचा वास खिडकीतून आत आला. त्या वासानं मला थेट मुरुम गावाजवळच्या, मी मास्तर होतो त्या शाळेत नेऊन बसवलं. दुष्काळाचं साल होतं. बोअर पाडायला फिनलंडची चार माणसं आली होती. त्यांना सरकारी इंजिनिअरांशी इंग्रजीत बोलता यावं म्हणून संध्याकाळची शिकवणी ठरली, आणि शिकवायला कोण, तर मी! माझं इंग्रजी अर्धं आणि तोंड दीडपट.

ती माणसं एकेका शब्दापाशी मिनिटभर थांबायची. मला एवढा धीर कुठला? त्यांची वाक्यं मीच पुरी करायचो. आमचा शिपाई बाबूराव म्हणायचा, "सर, त्यांला बी बोलू द्या की जरा!"

एका संध्याकाळी त्या चौघांतला पन्नाशीचा एरकी आपण होऊन उभा राहिला. "माय डॉटर..." एवढं म्हणून थांबला.

"व्हेरी ब्यूटिफुल!" मी ओरडलो. "ब्रिंग हर हिअर, वी विल डू मॅरेज!"

हसलो तो मी एकटाच. एरकी हळूच खाली बसला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर म्हणाला, "सर, त्येची पोरगी वारली. काल पत्र आलं. दिसभर मशिनीपाशी तेवढंच घोकत व्हता, तुमाला सांगायचं म्हणून."

मी धावतच गेलो. त्याच्याजवळ दगडावर तासभर बसलो, जन्मात पहिल्यांदा गप्प. त्यानं थर्मासमधला चहा मला ओतून दिला. ते वाक्य मात्र पुन्हा काढलं नाही.