मोरस आणि दीड चमचा मीठ

मी निसर्ग मार्गदर्शक आहे. ही गोष्ट मला निवृत्त झाल्यावर कळली. इतरांना अजून कळायची आहे.

दोन दिवसांचं शिबिर, गळ्यात अडकवायची दुर्बीण आणि अकरा खिशांचं जाकीट (त्यातल्या एकाही खिशाचा उपयोग मला सापडला नव्हता) एवढ्या भांडवलावर मी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या लोकांना रविवारी ठाण्याच्या खाडीवर न्यायला लागलेलो. काठावरच्या खाण्याजोग्या रानभाज्या मी त्यांना दाखवायचो. पुस्तकात बघून सगळ्या ओळखायचो. खाल्ली त्यातली एकही नव्हती.

अशात आमच्या मुग्धाने लग्न ठरवलं. मुलगा नेल्सन, माजिवड्याजवळच्या गावठाणातला, पिढ्यान् पिढ्या खाडीकाठी राहिलेल्या कॅथलिक घरातला. आम्हाला पसंत होता. अडलं होतं त्याच्या आईपाशी, सिसिलबाईंपाशी. डोंबिवलीच्या शाकाहारी घरातल्या पोरीचा आमच्याकडे निभाव लागेल का, एवढीच त्यांची शंका होती. एकदा तुमच्याकडे जेवते, मग सांगते, म्हणाल्या.

"बाबा, तुम्ही नुसते बसा," मुग्धाने बजावलं. "त्यांना काही शिकवायला जाऊ नका."

मी मान डोलावली आणि त्या जेवायला यायच्या होत्या त्या रविवारी पहाटेच खाडी गाठली. खाडीकाठच्या माणसांना खाडीचीच भाजी खिलवायची, असा माझा बेत!

मोरस ही अजब चीज आहे. खाऱ्या चिखलात, जिथे साधं गवत धड उभं राहत नाही, तिथे ही मजेत पसरलेली असते. पानं बारीक, गुबगुबीत, रसाने टच्च. काही हिरवी, काही लालचुटूक. मी लाल तेवढी वेचली. (जितका रंग गडद तितकं पोषण जास्त, असं मी माझ्या लोकांना सांगत आलेलो. पुस्तकात ते नव्हतं, मी स्वतःहून घातलेलं.)

सुलभा, म्हणजे आमची ही, म्हणाली, "उकडून पिळून घ्यायची असेल ना?"

"पिळली की सत्त्व जातं," मी म्हणालो, आणि कच्चीच फोडणीला टाकली. वर अंदाजाने मीठ. दीड चमचा.

आता आमच्या घरचा नियम असा, की नैवेद्य दाखवल्याशिवाय कशाचीही चव घ्यायची नाही. सुलभा तीस वर्षं अशी न चाखता रांधते आणि मीठ कधी चुकत नाही. मीही नियम तंतोतंत पाळला. अंदाज तेवढा माझा होता. नैवेद्य दाखवला. देव काही बोलला नाही.

पानं वाढली आणि मी उभा राहिलो. मोरस म्हणजे काय, ती कुठे उगवते, ती कशी ओळखावी, हे मी सिसिलबाईंना पाच मिनिटं समजावलं. "तुमच्या कधी पाहण्यात आली नसेल," असंही म्हणालो. नेल्सनला ठसका लागला. मुग्धाने ताटात मान घातली.

सिसिलबाई भाजीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी घास घेतला, डोळे मिटले, उघडले आणि पाणी मागितलं. पुढच्या घासालाही. पाहुण्याने ताटात टाकू नये, ही त्यांच्या घरची रीत. मला वाटलं, आवडली! मी आणखी एक डाव वाढला.

मग पहिला घास मी घेतला, आणि अख्खं मिठागर घशात उतरलं. थुंकावं तर समोर सिसिलबाई. गिळावं तर घसा तयार नाही. जेवण होईपर्यंत घरातली दोन्ही पिंपं रिकामी झाली. निघताना त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी ओहोटीला खाडीवर या. एकटे."

तो आठवडाभर मुग्धा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. सुलभा तेवढंही नाही.

रविवारी सिसिलबाईंनी चपला काठावर काढल्या, साडी खोचली आणि सरळ चिखलात उतरल्या. मी बूट वाचवत मागे. त्यांचे वडील मिठागरावर कामाला होते. डबा घेऊन जाताना ही भाजी खुडत त्या लहानाच्या मोठ्या झालेल्या. माझ्याशी बोलताना त्यांचे हात न बघता कोवळे हिरवे शेंडे तेवढे खुडत होते, मूळ हलू न देता. लालला बोटही लागत नव्हतं.

"ही मीठ पिते," त्या म्हणाल्या. "पिऊन पिऊन जून झाली की लाल होते. कोवळीसुद्धा दोनदा उकडून पिळायची. वरून मीठ कशाला? मीठ ती घरूनच घेऊन येते."

मध्येच त्या थांबल्या. "पाणी फिरलं, भरती लागली. चला."

मी दुर्बीण लावली. पाणी लांब, चिखल कोरडा. आणि बघता बघता समोरचे शेकडो खेकडे, एकेक मोठी नांगी उचलून बसलेले, एकदम बिळांत शिरले. पायाजवळच्या चरांमधून चांदीसारखी एकेक रेघ आत येऊ लागली. आवाज अजिबात नाही. मी तोंड उघडं ठेवून उभा राहिलो. इतकी वर्षं मी लोकांना खाडी दाखवत होतो. मला ती त्या दिवशी दिसली.

काठावर आल्यावर मी धीर करून विचारलं, "मग, मुग्धाचं काय ठरवलंत?"

"ते तर त्याच दिवशी ठरलं."

"म्हणजे?"

"तुमची पोरगी ती भाजी खात होती. माझ्यासमोर बापाची मान खाली जाऊ नये म्हणून. तोंड वाकडं न करता ताट साफ केलं तिने. अशी पोरगी कुठेही निभावेल."

मी दुर्बिणीच्या काचा पुसायला घेतल्या. (काचा स्वच्छच होत्या.)

"फक्त तारीख जवळची धरा, मुग्धाचे बाबा," त्या म्हणाल्या. "बिचारीला तुमच्या हातचं आणखी किती खायला लावणार?"

तारीख जवळचीच धरली. लोकांना घेऊन मी अजूनही रविवारी खाडीवर जातो. पुढे सिसिलबाई असतात, शिकवतात त्या. मी मागे असतो. अकरापैकी दोन खिशांचा उपयोगही आता सापडलाय: त्यांच्या चपला त्यात बरोब्बर मावतात.