हरभऱ्याच्या वाटेत आमचा ट्रेल

मार्च लागला की आमच्या अमरावतीच्या सायकल ग्रुपवर गावंडे सरांचा एक निरोप येतो. कुठल्याशा थंड देशातून उचललेला असतो, खाली ओल्या हिरव्या जंगलाचा फोटो. ‘वसंताच्या सुरुवातीला बर्फ वितळून डोंगरातल्या वाटा मऊ होतात. ओल्या ट्रेलवर सायकल घालून चाकोऱ्या पाडू नका. आधी पाण्याचा निचरा करा, डागडुजी करा, मगच चालवा.’ यंदा हा निरोप वाचला तेव्हा मी कूलरची खस बदलून घेत होते आणि खालच्या रसवंतीवाल्याची घुंगरं वाजत होती. मी लिहिलं, ‘सर, बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर आहे. तो वितळला तर त्याचं तो बघेल.’

ग्रुपवर हशा झाला. गावंडे सर मात्र हसत नाहीत. ते निवृत्त इंजिनिअर, आयुष्यभर रस्ते बांधले, आणि ग्रुपचे संस्थापक, अध्यक्ष व हवामानतज्ज्ञ सगळं तेच. ‘मॅडम, विषय गंभीर आहे,’ असं त्यांनी मला सुनावलं आणि त्याच दमात जाहीर केलं की येत्या शनिवार-रविवारी अकोल्याकडच्या ट्रेलवर श्रमदान राईड. मी कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते, रविवारी टेस्ट सिरीज असते. तरी नाव दिलं. तमाशा फुकटात पाहायला मिळत असेल तर मी सोडत नाही.

ट्रेल शोधला होता रेहानाने. रेहाना माझी सायकलवरची मैत्रीण, राहते अकोल्यात, नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आणि सासरचं वावर पातूरच्या बाजूला. त्या वावराकडे जाणारी पांदण, म्हणजे दोन्हीकडच्या शेतांच्या मधून जाणारी सामायिक कच्ची वाट, पुढे एका टेकडीवर चढते. वर पळस आणि सागाचं रान, मागच्या बाजूला मुरमाचा मस्त उतार. दिवाळीनंतर आम्ही तिथे तीन-चारदा गेलो होतो. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाहीये. का ते पुढे कळेलच.

शनिवारी सकाळी सायकली टेम्पोत आडव्या टाकून आणि आम्ही दोन गाड्यांत कोंबून निघालो. अमरावती-अकोला रस्ता आता चौपदरी, दोन-सव्वादोन तास पुरतात. गिला वडा मात्र निघण्याआधी अमरावतीतच खाऊन घ्या. दह्यात भिजलेला, वरून तिखट, सकाळी सातला खाल्ला तर मूर्तिजापूरपर्यंत माणूस कोणाशी भांडत नाही. गावंडे सरांनी तो खाल्ला नाही. त्यांनी डब्यात भिजवलेले बदाम आणले होते आणि बडनेऱ्यापासून बोरगाव मंजूपर्यंत आम्हाला ‘ट्रेलची देखभाल: तत्त्व आणि व्यवहार’ ऐकवलं. आतापर्यंत डांबर टाकलं, आता डांबर न टाकण्याचं शास्त्र सांगत होते.

मुक्काम रेहानाकडे. तिच्या सासूबाईंनी बारा माणसांना पाहून नुसतं ‘या बसा’ म्हटलं आणि आत जाऊन कणीक वाढवली. हॉटेलातच राहायचं असेल तर बसस्टँडच्या आसपास स्वस्तातली खोली मिळते, पण सायकल खोलीत घेऊ देतात का ते आधी विचारा. माझी एकदा रात्रभर जनरेटरला बांधून ठेवावी लागली होती.

संध्याकाळी आम्ही ट्रेल पाहून आलो. आता तुमच्यासाठी खरी माहिती, बर्फाशिवायची. मार्चच्या सुरुवातीला वऱ्हाडातली काळी माती तडकायला लागते. भेगा अशा की पुढचं चाक अडकलं तर तुम्ही हँडलवरून सरळ हरभऱ्यात. पांदणीच्या कडेला बाभळीचे काटे आणि जमिनीवर सराटे, तेव्हा ट्यूबलेस टायर लावा आणि वर दोन ट्यूबही ठेवा. टेकडीवर सागाची पानगळ चालू असते. ती पानं दिसायला काय झकास, पण त्यावर ब्रेक मारून पाहा एकदा, पापडावरून घसरल्याचं सुख मिळेल. सहाला सुरू करा, दहाच्या आत खाली या. आणि पळस बघत चालवू नका, मी ते केलंय, कोपर अजून दुखतं.

एवढ्यासाठी काय डागडुजी लागते? काटे बाजूला करायचे, आडव्या आलेल्या फांद्या छाटायच्या, संपलं. रेहानालाही सरांनी एवढंच सांगितलं होतं. म्हणून तिने दुकानातून टिकाव, फावडी, घमेली काढून दिली आणि रविवारी पहाटे ती त्यांच्या वावरातल्या विहिरीपाशी रोडग्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांवर भाजायच्या कणकेच्या गोळ्यांच्या, तयारीला लागली.

पांदणीत पोचल्यावर सरांनी नकाशा काढला. चढ सुरू होण्यापूर्वीचा सपाट पट्टा त्यांना कंटाळवाणा वाटत होता. तिथे एकामागे एक तीन उंचवटे, उड्या मारायला. वळणावर मातीचा कठडा. आणि वितळत्या बर्फाच्या पाण्यासाठी, हो, त्याच पाण्यासाठी, वाटेला आडवे दोन चर.

“सर, इथे जूनपर्यंत पाणी येणार नाही,” मी म्हटलं.

“मॅडम, शास्त्र ते शास्त्र.”

“पण वाट लोकांची आहे ना? कोणाला विचारलं?”

“पांदण सरकारी असते. कोणाच्या बापाची नसते.”

हे त्यांनी एवढ्या खात्रीने म्हटलं की मी फावडं उचललं. इंजिनिअरशी मातीवरून वाद कोण घालणार? आणि खरं सांगू, खोदायला मजा येत होती. बँकेतला मॅनेजर, दातांचा डॉक्टर, दोन प्राध्यापक, एक वकील, सगळे घामाने निथळत होते आणि एकमेकांचे फोटो काढत होते. मीही घमेली वाहिली. कडेच्या एका वावरवाल्याने आपल्या नांगराने पांदणीचा चांगला हातभर घास घेतलेला दिसत होता. ‘बघा, अतिक्रमण!’ म्हणून वकील चुकचुकला आणि आम्ही त्याच वाटेत चर खणत राहिलो. दहाच्या सुमाराला काम पुरं झालं. मग बाभळीला फ्लेक्स बांधला: ‘ट्रेल लोकार्पण सोहळा’, त्यावर हेल्मेट घातलेले गावंडे सर, माणसाएवढे. त्यांना शाल, श्रीफळ. आमच्याकडे माणसाने खड्डा खणला काय नि बुजवला काय, सत्कार चुकत नाही.

सर पहिल्या उंचवट्यावरून उडी मारायच्या बेतात होते तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. मागे थ्रेशर, म्हणजे मळणीचं अवजड यंत्र. पुढे पायी एक बाई, डोक्याला पदर, हातात विळा. या इंगळे काकू. पांदणीच्या पलीकडच्या टोकाचं वावर यांचं आणि रेहानाच्या सासरचे त्यांचे शेजारी. त्यांचा हरभरा उपटून दोन ढिगांत वावरात पडला होता. रात्रीपर्यंत पाऊस येणार असं सांगत होते सगळे, म्हणून त्यांनी ओळखीतून एका दिवसासाठी थ्रेशर मिळवलं होतं. पश्चिमेला आभाळ खरंच काळवंडायला लागलं होतं. आम्हाला ते फोटोसाठी झकास वाटलं होतं.

काकू चरापाशी थांबल्या. आधी खाली पाहिलं, मग फ्लेक्सकडे, मग आमच्याकडे.

“हे काय करून ठेवलं बाप्पा?”

सर सायकलवरून उतरले. “ताई, हा ट्रेल आहे. सायकलींसाठी. पर्यटन वाढेल गावाचं.”

“अन् माह्या हरभऱ्यानं काय करायचं? उड्या मारायच्या?”

ट्रॅक्टरवाला हसला. काकू नाही हसल्या. “चण्याचे घाटे भिजले तं काळे पडते भाऊ. काहून खंदला रस्ता? कोणी सांगतलं तुमाले?”

“पांदण सरकारी...” सरांनी सुरुवात केली.

“सरकारी हाये म्हनून तं आमी जातो त्याच्यातून! तुमची काय अडली होती? घरी झोप येत नवती का?”

एवढ्यात रेहाना विहिरीकडून धावत आली, हात पिठाने माखलेले. चर पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. “सर, आपने तो काटे हटाने का बोला था ना!” मग माझ्याकडे वळली. “ताई, तुम्ही होत्या न इथं? मले नेहमी तोंड दाखवायचंय या काकूले.” मला लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

त्यानंतरचा वेळ आमच्या ग्रुपच्या इतिहासातला सगळ्यात प्रामाणिक श्रमदानाचा. फोटो एकही नाही. जे सकाळी गुणगुणत खणलं ते हाताला फोड येईपर्यंत बुजवलं. काळी माती खणताना ढेकळं निघतात, परत भरताना ती बसत नाहीत. ट्रॅक्टर एकदा चढला आणि चाक चरात रुतलं. पुन्हा दगड आणले. गावंडे सरांनी शाल काढून झाडाला टांगली आणि घमेलं डोक्यावर घेतलं. वाऱ्याचा पहिला झोत आला तसं त्यांचं पुस्तकी मराठी पार उडून गेलं. “अबे पकडा न बे! गोटे आना लवकर! पानी येऊन राहिलं!” चाळीस वर्षांपूर्वीचा पोरगा कुठूनसा बाहेर आला होता. मला त्यांचा राग येत होता आणि थोडं हसूही.

थ्रेशर वावरात पोचलं तेव्हा दुपार कलली होती. वरच्या बाजूचा ढीग मळायला घेतला. आम्ही सगळे पेंढ्या उचलून यंत्रापाशी टाकत होतो. भुश्याने डोळे चुरचुरत होते. काकूंकडे एकच ताडपत्री, ती मळलेल्या दाण्यावर. खालचा ढीग अजून तसाच असताना टपोरे थेंब पडायला लागले. मॅनेजरने पळत जाऊन बाभळीचा फ्लेक्स ओरबाडला आणि खालच्या ढिगावर अंथरला. छापील गावंडे सर हेल्मेटमधून आभाळाकडे बघत हसत पडले होते. चार कोपऱ्यांवर आम्ही चौघं बसलो. फ्लेक्स पुरत नव्हता. वाऱ्याने एक बाजू दोनदा उचलली, तिसऱ्यांदा फाडून नेली. मग गारा. बोराएवढ्या असतील. खऱ्या सरांनी आपली सत्काराची शाल आणून ढिगावर घातली, तिने काय होणार होतं!

पाऊस थांबल्यावर रेहानाच्या रोडग्यांची आठवण झाली. गोवऱ्यांचा विस्तव विझलेला, रोडगे अर्धे कच्चे, वांग्याच्या भाजीत पावसाचं पाणी. काकूंनी त्यातलेच दोन खाल्ले, ढिगाकडे बघत. जाताना सरांनी हात जोडले. “चुकलं आमचं, ताई.” काकू म्हणाल्या, “बरं जा आता, पोरं वाट पाहत असन.” आणि खालचा ढीग उलगडून वाळायला पसरायला लागल्या. आम्ही मदतीला वाकलो तर म्हणाल्या, “राहू द्या. तुडवान.”

परतीच्या गाडीत कोणी गाणी लावली नाहीत. ग्रुपवर दुसऱ्याच दिवशी सरांचा अहवाल आला: ‘अवकाळी पावसामुळे ट्रेल तात्पुरता बंद. कृपया चाकोऱ्या पाडू नयेत.’ खाली अंगठ्यांची रांग. माझ्या हातावरचे फोड अजून फुटायचे होते. प्राध्यापकांनी तर बुलढाण्याकडे दुसरा ट्रेल सुचवलाही, ‘तिथे लोकल इश्यू नाहीत’ म्हणे.

तर जायचं असेल तर जरूर जा. ऋतू चांगला आहे, पळस वेडा करतो, टेकडीमागचा उतार वऱ्हाडात दुसरा मिळायचा नाही. पांदणीतून सायकल हळू चालवा, समोरून बैलगाडी आली तर खाली उतरा, आणि फावडं घरी ठेवा.

पंधरा दिवसांनी रेहानाचा फोन आला. मी भीतभीत हरभऱ्याचं विचारलं. वरचा ढीग घरात गेला. खालच्यातला बराचसा काळा पडला, विकायला नेण्यासारखा नाही राहिला, गाईपुढे टाकला. “पांदण पण आता सपाट झाली, काकूच म्हणे,” रेहाना मला बरं वाटावं म्हणून सांगत होती.

“अजून काय म्हणाल्या?”

“मले विचारत होत्या, त्या लोकायपैकी कोनाले वावर नाही का गं? मी काय सांगू, ताई?”

मी मनातल्या मनात एकेक जण आठवत गेले. मॅनेजरचं अचलपूरला, ठोक्याने दुसऱ्याला कसायला दिलेलं. डॉक्टरांचं चांदूरला. वकिलाचं तर दोन गावांत. गावंडे सरांचं संत्र्याचं, त्याचे फोटो ते दर वर्षी टाकतात. आणि आमचं दर्यापूरला, बाबांच्या पश्चात माझ्या आणि भावाच्या नावावर, त्यातही हरभराच असतो.

“सांग की सगळ्यांना आहे,” मी म्हटलं.

फोन ठेवला आणि आमच्या वावराला पांदण कुठल्या बाजूने येते ते आठवायला लागले. विहीर आठवली, लिंबाचं झाड आठवलं. पांदण काही केल्या आठवेना, शेवटी भावाला फोन लावला. तोही म्हणाला, थांब, विचारून सांगतो.